घाम वाळू द्या: मराठवाड्याच्या उन्हात घोड्यावर बसताना

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो तो मार्गशीर्षात, ऐन थंडीत. घेणारा घोड्याचे दात बघतो, भोवरे बघतो, चालवून-पळवून बघतो, खोगीर-लगामाचा भाव करतो. आपण स्वतः काय घालून बसणार, हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नसतो. अंगावर जे असेल त्यावर भागून जातं. खरा प्रश्न होळीनंतर उभा राहतो. परभणी-नांदेडकडं पारा चाळिशी गाठतो, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, वाटेवरचा फुफाटा पायाला चटके देतो, आणि थंडीत ज्या कपड्यांत तासभर मजेत रपेट झाली त्याच कपड्यांत वीस मिनिटांत मांड्या सोलवटून निघतात.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला उपाय असतो कपडे कमी करण्याचा. बाह्या वर जातात, बुटांच्या जागी चप्पल येते, हेल्मेट खुंटीला लागतं. मला हा उपाय उलटा वाटतो. पडण्यापासून वाचवणाऱ्या वस्तू उन्हाळ्यातही त्याच राहतात, कारण मे महिन्यात जमीन मऊ होत नाही. उलट पावसाळ्यात चिखल असणारी काळी रानं तेव्हा भेगाळून कडक झालेली असतात. बदलायचं ते कापड, कपड्याचा बेत आणि रपेटीची वेळ.

माणूस आणि घोडा हे दोघंही प्रामुख्याने घामावर थंड होणारे प्राणी. आपल्या त्वचेचं तापमान साधारण पस्तीस अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा चाळीसच्या पुढे गेली की तोच वारा उष्णता अंगात भरू लागतो, म्हणून झळ लागते. त्यानंतर एकच मार्ग उरतो, घाम वाळणं. अंगावरून ओघळून खाली पडलेला घाम काही थंड करत नाही. जो अंगावर किंवा अंगाला लागलेल्या कापडावर वाळतो तोच थंड करतो. उन्हातला कपडा निवडताना हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी खरेदी चुकत नाही.

आपल्याकडचा चैत्र-वैशाख कोरडा असतो. दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. घाम आल्याचं कळतच नाही, इतक्या वेगानं तो उडून जातो. म्हणून या दिवसांत वरच्या अंगाला सुती कापडासारखं दुसरं काही नाही. सूत घाम पितं आणि तो कापडावरच वाळतो. पूर्ण बाह्यांचा, कॉलर असलेला, काखेत आणि पाठीवर बोटभर सैल असा फिकट रंगाचा सदरा घ्या. उघड्या हातावर ऊन थेट पडतं आणि झळही लागते. सैल बाहीच्या आत मात्र अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळती राहते. शिवारात राबणारा माणूस भर उन्हात पूर्ण बाह्या घालतो, डोईला कापड बांधतो, ते याच अनुभवानं.

खादी मिळाली तर उत्तमच. हातानं कातलेल्या सुताला पीळ कमी असतो, विणीत बारीक फटी राहतात, त्यातून हवा जाते. नांदेड-उदगीरकडं राष्ट्रध्वजाची खादी तयार होते, तेव्हा या भागात खादी शोधायला लांब जायला नको. मलमल मात्र नको. हात कापडाच्या आत घालून उजेडाकडं धरा. बोटं स्पष्ट दिसली तर ऊनही तितकंच आत येणार. पांढरं पातळ सुती कापड घामानं ओलं झालं की त्यातून ऊन आणखी आरपार जातं. म्हणून घट्ट विणीचा, फिक्या आकाशी किंवा बदामी रंगाचा सदरा पांढऱ्या मलमलीपेक्षा चांगला. कपड्यावर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ त्वचा जाळणाऱ्या अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्साच आत पोचतो. बाजारात स्वस्त मिळणारा, पाठीवर मोठं रबरी चित्र छापलेला टीशर्ट टाळा. त्या चित्राखाली घाम अडकतो, आणि ते नेमकं पाठीच्या मधोमध असतं.

सदरा पँटमध्ये खोचलेला हवा. सुटं टोक वाऱ्यानं फडफडलं की अननुभवी घोडा बिचकतो, आणि उतरताना ते खोगिराच्या पुढच्या उंचवट्यात अडकू शकतं. आपल्याकडं स्कूटीवर मुली जो लांब सनकोट आणि तोंडाला स्कार्फ बांधतात, तो उन्हापासून उत्तम बचाव आहे. पण सनकोटाचा घेर घोड्यावर चालत नाही. स्कार्फ चालेल, एका अटीवर: दोन्ही टोकं सदऱ्याच्या आत गेली पाहिजेत आणि गाठ एका झटक्यात सुटणारी असली पाहिजे. गळ्याभोवती पक्की गाठ मारलेली ओढणी घोड्यावर कधीच नको.

आता कमरेच्या खाली येऊ, कारण उन्हाळ्यातल्या बहुतेक तक्रारी तिथल्या असतात. वर वारा आहे, खाली नाही. मांडीची आतली बाजू, गुडघा आणि पोटरी घोड्याच्या अंगाला किंवा खोगिराला चिकटलेली असतात. घोड्याचं अंग आरामातही साडेसदतीस ते साडेअडतीस अंशांचं. दुडकी चालला, पळाला की त्याहून वर. म्हणजे वैशाखातल्या कोरड्या दुपारीसुद्धा मांड्यांच्या आत श्रावण चालू असतो. तिथला घाम वाळत नाही, साचतो. ओलं कापड दमट कातडीवर दर पावलाला घासतं आणि कातडी सोलते.

म्हणून वरच्या अंगाला जो नियम तो इथं लागू पडत नाही. जाड सुती कापड खाली नको. जीन्स सर्वांत वाईट: ओली झाली की जड होते, वाळायला वेळ घेते, आणि तिची दुहेरी जाड शिवण मांडीच्या आतून गुडघ्याच्या आतल्या बाजूला उतरते, जिथं सगळा दाब पडतो तिथंच. शेतात घालतो तो सैल पायजमाही नको. त्याच्या चुण्या गोळा होऊन मांडीखाली जातात आणि दहा मिनिटांत चुणीचा वळ उठतो. हवी ती अंगासरशी बसणारी, ताणली जाणारी, घोडेस्वारीसाठीच शिवलेली पँट, म्हणजे ब्रीचेस किंवा जोधपुरी. तिची शिवण आतल्या बाजूला नसते, किंवा असली तर चपटी असते. कापड नायलॉन-स्पँडेक्सचं पातळ विणकाम असावं. गुडघ्याच्या आत छोटं ठिगळ असलेली घ्या. संपूर्ण बैठकीवर चामडं किंवा सिलिकॉनचे ठिपके असलेली पकड देते खरी, पण तेवढ्या भागातून हवा अजिबात जात नाही. उन्हाळ्यापुरतं तरी गुडघ्याचं ठिगळ पुरे.

एवढा खर्च करायचा नसेल तर चुडीदार बघा. नीट बेतलेला चुडीदार तिरक्या कापडात कापतात, म्हणून साध्या सुती कापडालाही ताण येतो आणि गुडघा मोकळा वाकतो. जुने स्वार तंग पायांची सुरवार घालत, त्यामागचा हिशेबही तोच. शिंप्याकडून शिवून घेणार असाल तर दोन गोष्टी सांगा: आतल्या बाजूची शिवण मांडीच्या मागच्या किंवा पुढच्या अंगाला सरकवायची, आणि दोन मांड्यांच्या सांध्यात चौकोनी कळी घालायची, म्हणजे चार शिवणी एका बिंदूवर येत नाहीत. रिकिबीत, म्हणजे खोगिराला लोंबणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, पाय टाकताना तीच जागा सर्वांत आधी उसवते. मुलींच्या कुर्त्याची उंची कमरेखाली चार बोटं, जास्त नाही. लांब कुर्त्याचं मागचं पान मांडीखाली जातं आणि दुडकीत वर उठायला गेलं की गळा ओढला जातो.

आतल्या कपड्यांबद्दल मोकळेपणी कुणी बोलत नाही, आणि म्हणूनच लोक नाहक सोसत राहतात. मांडीच्या मुळाशी इलॅस्टिक असलेली चड्डी ही जखमेची हमखास जागा. पुरुषांनी आणि बायकांनीही मांडीच्या मध्यापर्यंत येणारी, मधली शिवण नसलेली, घट्ट चड्डी घालावी. बायकांनी स्पोर्ट्स ब्रा घालावी, पण खांद्याचा पट्टा रुंद आणि मागं हूक नसलेला बघावा. कमरेचा करदोडा पँटच्या पट्ट्याखाली येत असेल तर त्याची गाठ घामात रुतते. तो पट्ट्याच्या वर सरकवून घ्या. बेल्टचं मोठं बक्कल पुढं वाकलं की पोटात टोचतं, ते काढून ठेवा. गुडघ्याच्या आत, मांडीच्या मुळाशी आणि बसायच्या हाडांवर निघण्याआधी व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. जाड थर नको. तो कापडातून झिरपून खोगिराला लागतो, बैठक निसरडी होते. टाल्कम पावडर कोरड्या दिवसांत ठीक, पण घाम फुटला की तिचा लगदा होतो आणि तोच घासतो.

पायात काय घालावं, यावर चर्चेला जागा नाही. रिकिबीत अडकलेला पाय हा घोडेस्वारीतला सर्वांत भीषण अपघात. स्वार पडतो पण सुटत नाही, आणि घोडा बिथरून पळतो. तो टाळण्याचं काम टाच करते. साधारण अडीच सेंटिमीटरची सरळ टाच असेल तर पाऊल रिकिबीतून पुढं घसरत नाही. चपलेला, सँडलला आणि सपाट स्पोर्ट्स शूजना ती टाच नसते. कोल्हापुरीचा तळवा तर घामानं निसरडा होतो. उन्हाळ्यात गरम होतं म्हणून चप्पल घालून खोगिरावर बसणं कितीही सवयीचं असलं तरी ते सोडाच.

चांगला बूट म्हणजे घोट्याच्या वर चार बोटं येणारा, पातळ चामड्याचा, तळवा जवळजवळ गुळगुळीत असलेला. बाजूला इलॅस्टिक असलेला घेतला तर नाडीचा फासही टळतो. डोंगर चढायचे खोल नक्षीचे बूट नकोत, नक्षी रिकिबीत रुतते. सोबत रिकीब मोजा: बुटाचा सर्वांत रुंद भाग रिकिबीत ठेवल्यावर दोन्ही बाजूंना मिळून साधारण अडीच सेंटिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे. कमी उरली तर पाय अडकतो, फार जास्त उरली तर अख्खं पाऊल आरपार जातं. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर आपल्या काळ्या मातीचा चिखल तळव्याला असा धरतो की बूट दोन बोटं रुंद आणि टाचच नसलेला होऊन बसतो. घोड्यावर चढण्याआधी बाभळीच्या काडीनं तळवा खरवडून काढा. या मातीत ही सवय हेल्मेटइतकीच महत्त्वाची आहे.

गुडघ्यापर्यंतचे उंच चामडी बूट मे महिन्यात पायाला भाजून काढतात. त्याऐवजी घोट्याचा बूट आणि पोटरीवर जाळीदार किंवा पातळ रेक्झिनची अर्धी चॅप, म्हणजे गुडघ्याखाली गुंडाळायचं आवरण, वापरा. पोटरी उघडी मात्र ठेवू नका. रिकिबीचा पट्टा तिथंच चिमटे घेतो आणि काळे-निळे डाग उठतात. मोजे पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारे, बोटांपाशी शिवण नसलेले घ्या. बायकांनी जोडवी काढून ठेवावीत. उष्णतेनं बोटं सुजतात आणि बंद बुटात टाच खाली दाबताना जोडवं शेजारच्या बोटात रुततं. हातातली अंगठी, सैल बांगड्या, लांब मंगळसूत्र, लोंबते डूल यांनाही तेच लागू. मंगळसूत्र काढायचं नसेल तर ते सदऱ्याच्या आत, गळाबंद.

हेल्मेटचा विषय निघाला की फेट्याचा विषय निघतोच. फेटा उन्हासाठी खरंच चांगला आहे. सुताचे अनेक थर, मध्ये हवा, आणि मागं सोडलेला शेमला मानेवर सावली धरतो. पण डोकं जमिनीवर आदळताना तो जागेवर राहत नाही आणि हनुवटीखाली पट्टा नसल्यानं पडतानाच उडून जातो. मिरवणुकीत, दोन्ही बाजूंनी घोडा धरलेला असताना तो शोभतो. रानात, रस्त्यावर, पळवताना हेल्मेटच. मोटारसायकलचं हेल्मेट त्याची जागा घेऊ शकत नाही. ते जड असतं, मान दुखवतं, कान झाकतं, आणि मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज नेमका ऐकू यायला हवा तेव्हा येत नाही. सायकलचंही नको, ते डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकत नाही.

घेताना आतल्या पट्टीवर ईएन १३८४, पीएएस ०१५ किंवा एएसटीएम एफ ११६३ यांपैकी काही छापलेलं आहे का ते बघा. ही घोडेस्वारीच्या हेल्मेटची मानकं आहेत. शोभेच्या काळ्या मखमली टोप्या दिसतात तशाच, पण आत नुसतं प्लॅस्टिक असतं. माप असं पारखा: हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसावं, पट्टा न लावता मान हलवली तर कपाळाची कातडी सोबत हलावी. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच ढिलाई. वेणी किंवा अंबाडा मानेपाशी खाली बांधा. वर बांधलेला अंबाडा हेल्मेट उचलून धरतो. त्याच कारणानं आत घडीचा गमछा घालू नका. घाम टिपायला एकेरी सुती टोपी पुरते, आणि माप घेताना ती डोक्यावर असलीच पाहिजे.

उन्हाळ्यासाठी पुढं-मागं आरपार भोकं असलेलं, फिक्या रंगाचं हेल्मेट निवडा. निघण्याआधी केस आणि टोपी ओली करा. कोरड्या हवेत त्या ओलीनं डोकं चांगलं थंड राहतं. हेल्मेटवर ताणून बसवायचं रुंद कापडी छत मिळतं, त्यानं कान आणि मान सावलीत येतात. छत मऊच असावं आणि झटक्यात निघणारं असावं. आणि हेल्मेट उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कधीही ठेवू नका. आतलं तापमान साठच्या पुढं जातं, आणि डोकं वाचवणारा भाग म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा कडक फेस. उष्णतेनं तो बिघडतो, गोंद सुटतो, बाहेरून काही दिसत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेटही असंच बाहेरून शाबूत दिसतं. ते बदलायचं. न आपटलेलंही पाचेक वर्षांनी.

छातीच्या संरक्षक जाकिटाबद्दल थोडक्यात. उड्या मारताना किंवा कच्चा घोडा फिरवताना ते हवंच. आतला फेस उष्णतेनं मऊ होऊन अंगाला बसतो, पण घाम अडतो. म्हणून ते घालून सलग वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त काम करू नये, आणि मधल्या विश्रांतीत सावलीत ते पुढून पूर्ण उघडावं.

हातमोजे पातळ, बोटांच्या मध्ये जाळी असलेले. मे महिन्यात घामट तळव्यातून चामडी लगाम सटकतो, म्हणून उघड्या हातापेक्षा हातमोजाच बरा. डोळ्यांना न फुटणाऱ्या काचेचा, मागं दोरी असलेला गॉगल. फुफाट्यातले कण आणि चिलटं यांच्यासाठीही तो लागतो. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, अर्धा तास आधी नाक, गाल, कान, मान आणि मनगटावर. कपाळावर अगदी पुसटसं, कारण घामाबरोबर ते डोळ्यांत उतरतं आणि लगाम धरलेल्या हातानं डोळे चोळता येत नाहीत. मोबाइल खोगिराच्या पिशवीत नाही, अंगावर ठेवा. घोडा सुटून पळाला तर मदत मागायचं साधन त्याच्याबरोबर जायला नको. मागच्या खिशातही नको. त्यावर पडलं तर माकडहाडाला लागतं.

ओला गमछा मानेभोवती किंवा पाण्यात भिजवून घालायचं थंड जाकीट वैशाखात फार उपयोगी, भाद्रपदात जवळजवळ निरुपयोगी. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते, सूत वाळत नाही, सदरा पाठीला चिकटतो. तेव्हा वरच्या अंगालाही खेळाडूंचं पातळ, झटकन वाळणारं कृत्रिम कापड चांगलं. एकाच कपाटात दोन ऋतूंचे दोन सदरे हवेत, आणि आश्विनातल्या उन्हाला कोणता घालायचा हे त्या दिवशीच्या दमटपणावर ठरवावं.

परदेशातल्या पागांमध्ये घोड्यासाठी एक बेरीज वापरतात: फॅरेनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेची टक्केवारी. उत्तर १३० च्या आत असेल तर घोडा स्वतःला सहज थंड ठेवतो, १५० च्या पुढं जपून, १८० च्या पुढं काम बंद. ऑगस्टमधली दमट दुपार घ्या: ८८ अधिक ८० म्हणजे १६८. आभाळ भरून आलेलं असतं, आपल्याला बरं वाटतं, पण घोड्याचा घाम वाळत नाही. आणि मे महिन्यातली दुपार: १०८ अधिक १५ म्हणजे १२३. बेरीज ‘चालेल’ म्हणते. इथं मात्र तिचं ऐकू नये. तिच्यात थेट ऊन नाही, तापलेल्या मुरमाची धग नाही, आणि पाण्यावाचून सुकत जाणारं शरीर तर नाहीच. मराठवाड्यातल्या मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. झुंजुमुंजू झालं की खोगीर चढवा आणि आठच्या आत परत या. संध्याकाळ तेवढी चांगली नाही. सूर्य कलला तरी जमीन आणि डांबरी रस्ता दिवसभराची उष्णता परत सोडत असतो.

घोड्याच्या अंगावर काय घालतो तेही कपडेच आहेत, आणि तिथंही घामाचाच नियम. खोगिराखाली सुती किंवा लोकरीची गादी चालते; रबरासारख्या कापडाची गादी घाम कोंडते. नमदा (खोगिराखालची लोकरीची गादी) जाड असेल तर उन्हाळ्यात पातळ घ्या, पण खोगीर नीट बसतं का ते पुन्हा तपासा, कारण जाडी बदलली की खोगिराची बसकण बदलते. घोडा माणसापेक्षा खारट घाम गाळतो. तो गादीत आणि तंगात, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्यात, वाळतो, त्याचे मिठाचे कडक खडे होतात आणि पुढच्या रपेटीत तेच तंगाखालची कातडी फोडतात. म्हणून गादी दर वेळी साध्या पाण्यानं धुवायची, तंग ओल्या फडक्यानं पुसायचा. गोमाश्यांसाठी डोळ्यांवर जाळीचा मुखवटा ठीक, त्यातून घोड्याला दिसतं. खोगीर उन्हात ठेवावं लागलं तर वर पांढरं कापड टाका. बसण्याआधी तळहात चामड्यावर पाच सेकंद टेकवून बघा. हाताला सोसत नाही ते मांडीलाही सोसणार नाही, आणि रिकिबीचं लोखंड तर त्याआधीच भाजतं.

निघण्याच्या तासभर आधी अर्धा लिटर पाणी प्या, नंतर दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. तासाहून जास्त रपेट असेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा ओआरएसचं एक पाकीट. चमचा म्हणजे चहाचा, काठोकाठ सपाट. मीठ घातलेलं ताक आणि पन्हं परतल्यावर. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं आपल्याकडं फार लोक मानतात. कांद्यानं उष्माघात टळत नाही, आणि त्या भरवशावर पाणी कमी पिणं धोक्याचं.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, घाम असूनही अंगावर काटा: ही चिन्हं दिसताच उतरा, सावलीत या, सदऱ्यावर पाणी ओता, वारा घाला. बोलणं असंबद्ध झालं, माणूस गोंधळला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात आहे. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणं आणि वारा घालणं थांबवू नका. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. घोड्याचं बघायचं तर थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या छातीचे ठोके मिनिटाला साठ-चौसष्टच्या खाली यायला हवेत. आले नाहीत, नाकपुड्या भात्यासारख्या चालूच राहिल्या, तर खोगीर उतरवून सगळ्या अंगावर पाणी ओतत राहा. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की त्याच्या अंगात गोळे येतात, ही समजूत चुकीची आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्तानं यावर बरंच काम झालं, आणि भरपूर थंड पाणी ओतत राहणं हाच उपाय ठरला. ओलं गोणपाट मात्र पाठीवर टाकून ठेवू नका. काही मिनिटांत ते गरम होतं आणि खाली वाफ धरतं.

परतल्यावर कपडे लगेच धुवा. आपल्या घामाचं मीठही ब्रीचेसच्या गुडघ्यात बसतं आणि कापड खरखरीत होतं. ताणाचे कपडे गरम पाण्यात घालू नका, सावलीत वाळवा. कडक उन्हात त्यांचा ताण लवकर मरतो. कापडाला मऊपणा आणणारं द्रव वापरलं तर घाम शोषायचा गुण जातो, ते टाळा. बुटात रद्दी कागद भरून ठेवा, तासाभरानं बदला. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर काढून हातानं धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. त्याच वेळी हनुवटीच्या पट्ट्याची शिवण बघून घ्या, कारण घाम सर्वांत आधी तिथला दोरा खातो.